मल्लाप्पाचे गुडघे

दिव्यानं कुणी बरं होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बेळगावच्या एका दवाखान्यात मी बारा वर्षं दिव्याच्या खोलीत काढली आणि आलेल्या प्रत्येकाला हेच सांगत राहिले. ऐकलं फारसं कुणी नाही. तांबडा उजेड अंगावर पडला, ऊब लागली, की माणसाला वाटतं, आता सगळं दिवाच करील. या अंकाच्या संपादकांनीही मला 'त्या काळातले चमत्कार' लिहा असं कळवलं आहे. चमत्कार नव्हते. वीस मिनिटं ऊब होती आणि नंतर व्यायाम होता. व्यायाम करून घ्यायचा म्हणजे दुसऱ्याचा जड पाय आपल्या खांद्यावर घेऊन बसायचं. माझे दोन्ही अंगठे आता सुईत दोरा ओवायलाही वळत नाहीत, ते त्याच कामानं.

मी निपाणीची. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले, पुढं आईबरोबर तंबाखूच्या वखारीत. लग्न झालं, नवरा गेला, मामानं बेळगावला आणून दवाखान्यात आयाच्या कामाला लावलं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी दवाखान्यात औषधाचा दिवा आला. पत्र्याची अर्धगोल कमान, बैलगाडीच्या टपासारखी, आतल्या बाजूनं आठ तांबडे बल्ब. ती रोग्याच्या पायांवर ठेवायची आणि वरून चादर टाकायची. शिकलेल्या नर्सांना त्या खोलीचा उकाडा सोसेना. मी वखारीत वाढलेली, मला उकाड्याचं काही वाटत नसे. म्हणून दिवा माझ्याकडे आला. हुशारी वगैरे कुणी बघितली नव्हती.

लकवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं लुळा पाय येतो. पण काहींचा पाय लुळा नसतो, ताठ असतो. मेंदूला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली की वरून येणारा हुकूम तुटतो आणि पायाचे स्नायू आपले आपणच आवळून बसतात. असा पाय झटक्यानं वाकवायला गेलं तर दाव्याला हिसका बसलेल्या म्हशीसारखा तो उलटा ओढतो. हळूहळू रेटत राहिलं की एका जागी सैल पडतो. ऊब मिळाली की हे सैल पडणं लवकर होतं आणि अर्धा तास टिकतं. त्या अर्ध्या तासात जे शिकवायचं ते शिकवायचं. मग पाय पुन्हा आपल्या वळणावर जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आधी हे आम्हालाही नीट कळलेलं नव्हतं. दिव्याची खोली अंगणाच्या एका टोकाला, व्यायामाचा व्हरांडा दुसऱ्या टोकाला. पाय शेकून सैल करायचा, रोग्याला ढकलगाडीवर घालायचं आणि बेळगावच्या थंडीतून पलीकडे न्यायचं. तिथं पोचेपर्यंत पाय पुन्हा काठीसारखा. दोन हिवाळे आम्ही असंच केलं. शेवटी मी डॉक्टरांना म्हटलं, "भाकरी चुलीवरून काढून, अंगणभर फिरवून वाढतो आपण." ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातली गादी माझ्या खोलीत आली. हे पुस्तकात लिहिलेलं नसेल असं मी म्हणत नाही. पण आमच्या दवाखान्यात ते मी सांगितलं, आणि तेवढा मान मी माझ्याकडे ठेवते.

माणसं तऱ्हेतऱ्हेची येत. सदलग्याकडचे एक पाटील आले. उजवं अंग गेलेलं, हात छातीशी आवळलेला, तोंड मात्र शाबूत. दिव्याखाली घोरत पडायचे आणि व्यायामाची वेळ झाली की पोटात दुखायचं. एकदा मी पाणी आणायला वळले आणि परत बघते तर पाटील दिव्याखालीच पडलेले आणि त्यांचा चाळिशीतला गडी सिद्दा गादीवर बसून हात लांब करतोय, आखडून घेतोय, मोठ्यानं आकडे मोजतोय.

"हे काय रे?"

"मालक म्हणालं, दिवा मी घेतो, कवायत तू कर."

पाटील डोळे मिटूनच बोलले, "घाम त्याचा गेला काय आन् माझा गेला काय, आमच्याच घरातला हाय नव्हं?"

सिद्दाचा हात चांगला मजबूत झाला. पाटील जसे आले तसे गेले. जाताना म्हणाले, दिव्यात काय दम न्हाय.

दुसरी गोष्ट हसायची नाही. कणकुंबीच्या बाजूच्या रानातली एक शेतकरीण सहा वर्षांची मुलगी घेऊन आली. मुलगी जन्मापासून ताठ. उचलली की पायांची कात्री व्हायची, एकावर एक. मी सगळ्यांना विचारायची तसं त्या आईला विचारलं, "पाय कशाला पाहिजेत?" तिला वाटलं मी थट्टा करते. मग म्हणाली, "कडेवर बसली तरी बास. पाय फाकत न्हाईत, मग तिला लाकडावानी खांद्यावर टाकून फिरते मी."

एवढंच मागणं. मला वाटलं, हे जमेल. तीन आठवड्यांत दोन गुडघ्यांच्या मधे माझी मूठ राहायला लागली, मग दोन मुठी. आणि एक दिवस दिवा काढला तर पोरीच्या मांड्यांवर टरारून फोड आले होते. आईनं मुक्कामावरून येताना तिळाचं तेल चोळून आणलं होतं, आणि दिव्याखाली तेल तापलं की कातडी भाजते. उजेडात तेल चकाकतं हे मला दिसायला हवं होतं. चादरीखाली ते दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही.

"शेकायच्या आदी तेल लावत्यात," ती रडत म्हणाली. "येवडं सुदीक तुमाला ठावं न्हाय?"

तिचं चुकीचं कसं म्हणू? आमच्याकडं कुठल्याही घरात शेकायच्या आधी तेलच लावतात. फोड भरायला तीन आठवडे गेले. तोवर भाताची लावण आली, बाई गावी गेली, परत आली नाही. तेव्हापासून दिव्याखाली घालायच्या आधी मी प्रत्येक पाय साबणानं धुऊन स्वतः पुसत असे. लोकांना वाटायचं बाई सोवळ्याची आहे.

आता मल्लाप्पाचं सांगते. खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहायला बसले.

मल्लाप्पा वडगावचा विणकर, चाळिशीच्या आतबाहेरचा. सुताची गाठोडी घेऊन येताना उतारावर बैलगाडी कलंडली आणि त्याची पाठ दगडावर आपटली. आधी दोन्ही पाय लुळे पडले, मग महिन्या-दोन महिन्यांत ताठ झाले. वर्षानं आमच्याकडे आला तेव्हा भिंत धरून चालत होता, पण गुडघे न वाकवता, कंपासचे दोन पाय टाकावेत तसा. बरोबर त्याची बायको शेवंता. सडपातळ, कमी बोलणारी.

मी नेहमीचं विचारलं, "पाय कशाला पाहिजेत?"

"मागावर बसाय," तो म्हणाला. "चालायचं मला काय सांगू नगा, आक्का. माग पायजे."

वडगाव-शहापुरातले हातमाग जमिनीत खड्डा करून बसवलेले असायचे. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाखालच्या फळ्या आळीपाळीनं दाबतो. गुडघा काटकोनात वाकला नाही तर तिथं बसताच येत नाही. मल्लाप्पा पडला त्या दिवशी त्याच्या मागावर एक लुगडं अर्धं विणून झालं होतं. ते तसंच मागावर होतं. अर्धं लुगडं दुसरा विणकर पुरं करत नाही, कारण प्रत्येकाच्या हाताचा ठोका वेगळा. हात बदलला की कापडावर आडवा पट्टा दिसतो.

"रोज सकाळी धूळ झटकते मी त्येच्यावरली," शेवंता म्हणाली. तेवढंच.

डॉक्टरांनी त्याला तपासलं, उभं केलं, बसवलं आणि मला बाजूला बोलावलं. "बाई, जेवढा वेळ गुडघे वाकवाल तेवढाच वेळ त्याला उभं करा. त्याच्या पायांत ताकद नाही. तो उभा आहे तो त्या ताठपणावर. ताकद यायच्या आधी ताठपणा काढलात तर बसवाल खरं, पण मग तो बसलेलाच राहील."

मला समजलं. चांगलं समजलं. नंतर मी जे केलं ते न समजून केलं असं म्हणायला मला जागा नाही.

उन्हाळ्यापासून आम्ही सुरू केलं. वीस मिनिटं दिवा, पंधरा मिनिटं वाकवणं, पंधरा मिनिटं दोन बाकांच्या मधे उभं राहणं. मल्लाप्पाला उभं राहायचा कंटाळा. "उभा ऱ्हाऊन काय इनाम मिळणार हाय?" असं म्हणायचा. पण करायचा. श्रावणापर्यंत गुडघे अर्धे वाकायला लागले.

मग त्याचा धाकटा भाऊ दवाखान्यात आला. माणूस वाईट नव्हता. टोपी काढून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "आक्का, माझं दोन पोरगं हाताखाली आल्यात. मला माग पायजे. दीड वर्स मी अण्णाच्या मागाला हात लावला न्हाय. आता खंडेनवमीला मागाची पूजा हुईल. त्येच्या दुसऱ्या दिवशी अण्णा बसला तर बसला. न्हायतर मी लुगडं कापून काढतो."

मल्लाप्पानं हे ऐकलं होतं. भाऊ गेल्यावर तो म्हणाला, "आक्का, उभं ऱ्हायचं ऱ्हाऊ द्या. गुडघं तेवडं बगा."

आणि मी बघितले. उभं राहायची पंधरा मिनिटं काढून टाकली आणि वाकवण्यात घातली. दिवा सकाळी एकदा द्यायचा तो दुपारीही द्यायला लागले. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याची कीव आली म्हणून केलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण कीव थोडी होती. वडगावचा माणूस पुन्हा मागावर बसला आणि बसवला तो चौथी शिकलेल्या बाईनं, असं गावात झालेलं मला पाहिजे होतं.

भादव्यात एकदा शेवंता मला म्हणाली, "घरात ह्येंचा पाय लटपटाय लागलाय. परवा उंबऱ्यात बसलं मटकन."

"सैल पडतोय, म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं.

ती त्याला हात द्यायला वळली.

दसऱ्याला मल्लाप्पा मागावर बसला. मी गेले होते. चौघांनी उचलून काठावर ठेवला, मी स्वतः त्याचे पाय खड्ड्यात सोडले. गुडघे वाकले. फळीवर टाच टेकली. त्यानं आडव्या सुताचा धोटा फेकला, फणीचा ठोका मारला, पुन्हा फेकला. पाय दाबायला वेळ लागत होता, पण दाबत होता. भाऊ दारात उभा होता. थोडा वेळ बघून तो आत गेला आणि गुळाचा खडा घेऊन आला.

दिवाळीपर्यंत लुगडं पुरं झालं. पण त्याच्यावर आडवा पट्टा दिसलाच. दीड वर्षात मल्लाप्पाचा स्वतःचाच ठोका बदलला होता. भाऊ म्हणाला, "दुसऱ्यानंच इनल्यागत दिसतंय की." मल्लाप्पानं त्याला शिवी दिली आणि दुसरा ताणा लावायला सांगितला.

त्यानंतर तो दवाखान्यात यायचा बंद झाला. मी ते चांगलं लक्षण धरलं. महिन्यानं शहापुरात काही काम होतं म्हणून पुढं वडगावला त्याच्या घरी डोकावले. शेवंता त्याला काखेत हात घालून मागावरून उचलत होती. परसात नेलं, बसवलं, थांबली, परत उचलून आणलं. त्याचे पाय मागून फरफटत होते. मल्लाप्पा मला बघून खूश झाला. "बगा आक्का, दिसाकाठी दोन हात कापड निगतंय." शेवंता भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं कमरेवर हात दाबून धरला.

मी तिच्यामागं चुलीपाशी गेले. "उभा राहतच नाही?"

"कशावर ऱ्हाईल? पयलं भिंत धरून आपलं आपुन परसाकडं जात हुतं. आता मी न्हेते. दिसातनं चार येळा, पाच येळा. ह्येंच्या जेवणाआदी मी पाणी कमी देते, म्हायतीय? तेवडीच एक खेप वाचती."

मी म्हटलं, "मागावर बसायचं त्याच्याच मनात होतं."

"व्हय. तुमी त्येस्नी इचारलं, पाय कशाला पायजेत. माझी कंबार कशाला पायजे ते मला कुणी इचारलं?"

ती ओरडली नाही. चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले, आणि बरोबरच होतं. मग म्हणाले, "आता उलट्या बाजूनं सुरू करा. टाच जमिनीला टेकवा, गुडघा बांधून सरळ ठेवा आणि भार द्या. ताकद येईल ती त्यातूनच. वर्ष लागेल." मल्लाप्पाला रोज दवाखान्यात आणायचं तर उचलणार शेवंताच. म्हणून दर रविवारी मीच जायला लागले.

त्याच्या घरात वीज नव्हती. दिवा कुठला? परसात धुण्याचा काळा दगड होता, तो सकाळी दहापर्यंत उन्हानं तापायचा. तोच माझा दिवा. तापल्या दगडावर जुनी वाकळ टाकायची, मल्लाप्पाला पालथा घालायचा आणि पोटऱ्यांवर ऊन घ्यायचं. पोटरी सैल झाली की टाच खाली टेकते. टाच टेकली की माणसाला उभं करता येतं. नाहीतर तो चवड्यावर नाचतो आणि पडतो. बांबूच्या पट्ट्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून त्या गुडघ्याच्या मागं बांधल्या. भावानं सूत गुंडाळायचा एक जुना लाकडी रूळ परसात दोन खांबांना आडवा ठोकून दिला. तो धरून मल्लाप्पानं उभं राहायचं.

त्याला ते आवडेना. "माग चाललाय नव्हं? आणि काय पायजे आक्का तुमाला?"

"मला काही नको. शेवंताला पाहिजे."

"तिला सवं झालीया."

"तुमास्नी झालीया," शेवंता धुणं पिळता पिळता म्हणाली.

त्या दिवशी तो जास्त वेळ उभा राहिला.

रविवारी मी बघायची, बाकीचे सहा दिवस शेवंता करून घ्यायची. माझ्यापेक्षा ती कडक. तिनं आकडे मोजले नाहीत. ती बाहेरून एक घागर पाणी भरून आणून परसातल्या हौदात रिकामी करायची, तोवर तो उभा राहिला पाहिजे. संक्रांतीला एक घागर झाली. होळीला चार झाल्या. उन्हाळ्यात तिनं गुडघ्यामागच्या पट्ट्या मला न विचारता काढून टाकल्या. मी रागावले. पण पाय टिकला, मग मी काय बोलणार? पावसाळा लागला, ऊन गेलं, तेव्हा आम्ही वाळू तापवून पिशव्यांत भरली आणि पोटऱ्यांवर ठेवली. ही वाळूची अक्कल तिचीच.

मी तेव्हा दमलेली होते. आठवड्याचे सहा दिवस दिव्यापुढं आणि सातवा वडगावात. लढाईनंतर बल्ब मिळत नव्हते. आठांतले पाच उरले होते, त्यांना जास्त जवळ ठेवावं लागायचं आणि मग कुणी भाजू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसावं लागायचं. कितीदा वाटलं, पुरे. मग परसाकडच्या खेपा आठवायच्या आणि मी टांग्यात बसायची.

स्वातंत्र्य आलं त्यानंतरचा पहिला रविवार. गल्लीत लावलेल्या पताका पावसानं भिजून दोऱ्याला चिकटल्या होत्या. मी गेले तेव्हा मल्लाप्पा मागावर होता. त्यानं हातातला धोटा ठेवला, काठावर हात रोवून पाय एकेक करून खड्ड्याबाहेर काढले आणि खांब धरून उठला. मी पुढं झाले, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं. भिंत धरून परसात गेला. पाय ओढत होता, चाल वाईट होती, दवाखान्यात कुणाला दाखवावी अशी नव्हती. बऱ्याच वेळानं तसाच परत आला आणि आपला आपण खड्ड्यात पाय सोडून बसला.

शेवंता सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नव्हती.

"म्होरल्या आइतवारी येऊ नगा," ती म्हणाली.

"का गं?"

"पंचमीला म्हायेरला जानार हाय. चिकोडीला. सोमवारी येईन. अडीच वर्सं झाली, गेले न्हाय."

"आणि हा?"

"जेवान भावाच्यात सांगितलंय." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "बाकी त्येंचं ते बगतील."

मल्लाप्पानं ठोका मारला. मी वाळूच्या पिशव्या तपासल्या, एकीची शिवण उसवली होती ती शिवून दिली आणि निघाले.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. दवाखान्यातल्या माझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत झोपले.